बादली ठेवली, म्हणजे झाले का?



आज एका गळक्या कॉकविषयी लिहिणार आहे. रविवारच्या पत्रकात असा विषय पाहून काहींना हसू येईल. पण या कॉकने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला, तो माझ्या एकट्याचा नाही असे वाटते, म्हणून तो आपल्यापुढे ठेवतो. प्रश्न असा: मनात कोणाविषयी वाईट नसताना, कोणाचे वाकडे न चिंतता, नुसते 'उद्या बघू' म्हणत राहणाऱ्या माणसाकडून पाप घडते का? आणि घडत असेल, तर ते नेमके कोणत्या दिवशी घडते?

आमच्या मोरीच्या कोपऱ्यात, वरच्या टाकीचे पाणी घरात शिरते तिथे, एक पितळी मेन कॉक आहे. जुन्या पद्धतीचा, चाक फिरवून बंद करायचा. आठ वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. नाताळाच्या आधी स्वयंपाकघरातला नळ बदलायचा होता म्हणून प्लंबरने तो जोर लावून बंद केला, काम झाल्यावर उघडला, आणि त्या दिवसापासून चाकाखालच्या दांड्याजवळून पाणी झिरपू लागले.

प्लंबरने कारण नीट समजावून सांगितले. दांड्याभोवती एक नट असतो, त्याला ग्लँड म्हणतात. त्याच्या आत दोरा भरलेला असतो. तो दोरा दांड्याला घट्ट धरून ठेवतो, म्हणून पाणी बाहेर येत नाही. कॉक वर्षानुवर्षे फिरवला नाही की दोरा सुकून कडक होतो आणि दांड्यावर पाण्यातले क्षार बसतात. मग एक दिवस अचानक फिरवला की तो खरबरीत दांडा दोऱ्याला कुरतडतो. "अंकल, मी ग्लँड थोडा आवळतो, पण दोरा गेलाय. कॉकच बदलून टाका. फक्त गच्चीवरून आपल्या विंगचं पाणी तासभर बंद करावं लागेल. सोसायटीला सांगून ठेवा," असे तो म्हणाला.

मी "बरं" म्हटले आणि कॉकखाली बादली ठेवली.

एका रात्री कुतूहल म्हणून बादलीच्या जागी एक लिटरचा मग ठेवून पाहिला. रात्री १० वाजता ठेवलेला मग सकाळी ६ वाजता काठोकाठ भरला होता. म्हणजे दिवसाला तीन लिटर. १५ लिटरची बादली भरायला पाच दिवस. मला ते फार वाटले नाही. भरलेल्या बादलीतल्या पाण्याने आम्ही लादी पुसायचो, कुंड्यांना घालायचो. पाणी वाया जात नाही याचा मला थोडा अभिमानही वाटू लागला होता. वर्षाचा हिशेब केला असता तर कळले असते की हे पाणी अकराशे लिटरांच्या जवळ जाते, हजार लिटरच्या टाकीहून जास्त. पण तो हिशेब मी केला नाही.

कॉक बदलायचा मात्र राहून गेला. जानेवारीत पाहुणे होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये मुलीची बारावीची परीक्षा होती, घरात ठोकाठोक नको होती. मग पवित्र आठवडा आला. मे महिन्यात लग्ने. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि प्लंबर मिळेना. यातले एकही कारण खोटे नव्हते, हे मी आजही सांगेन. प्रत्येक महिन्याचे कारण त्या महिन्यापुरते अगदी योग्य होते.

ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. आमच्या लहान ख्रिस्ती समूहाची रोजरी त्या वर्षी एका संध्याकाळी आमच्या बरोबर खाली राहणाऱ्या मावशींच्या घरी होती. मावशी विधवा आहेत, एकट्या राहतात, मुलगा परदेशात असतो. त्यांच्या घरात शिरलो तेव्हा लक्षात आले की वेदी जागेवर नाही. पवित्र हृदयाची तसबीर आणि मारियामातेची मूर्ती नेहमी आतल्या भिंतीशी असायची, ती आता दाराजवळच्या एका स्टुलावर होती. आतल्या भिंतीवर छतापासून खाली उतरलेला ओलीचा एक मोठा डाग होता. रंगाचे पोपडे सुटले होते. खाटही ओढून मध्ये आणलेली होती.

कोणीतरी विचारले, "मावशी, हे काय झालं?"

मावशी म्हणाल्या, "पावसाचं असेल. यंदा फार पडला ना."

मला कळले ते पावसाचे नव्हते. त्या भिंतीच्या नेमके वर माझा कॉक होता. दहा महिने मी बादलीत पडणारे पाणी पाहत होतो. पण झिरपणारे सगळे पाणी थेंब होऊन खाली पडत नाही. थोडे पाणी पाइपच्या पाठीला धरून सरकते आणि पाइप भिंतीत शिरतो तिथून भिंतीत जाते. त्या पाण्याखाली मी बादली ठेवली नव्हती, आणि ठेवताही आली नसती.

मी काहीच बोललो नाही. समूहातली माणसे बसली, रोजरी सुरू झाली. माझ्या वाट्याला एक रहस्य आले, ते मी मोठ्या आवाजात म्हटले. नंतर चहा घेतला आणि घरी आलो.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. माझ्याकडून पाप कोणत्या दिवशी घडले?

डिसेंबरमध्ये कॉक गळू लागला, त्या दिवशी नक्कीच नाही. वस्तू झिजतात, त्यात कोणाचा दोष नसतो. जानेवारीत पाहुण्यांसाठी काम पुढे ढकलले, त्या दिवशी? मार्चमध्ये? एकेक दिवस सुटा काढून पाहिला तर कोणताही दिवस दोषी ठरत नाही. 'आज नाही, उद्या' म्हटल्याने त्या एका दिवसात मावशींच्या भिंतीचे काहीही बिघडले नसते. तरी भिंत भिजली, आणि ती माझ्या घरातल्या पाण्याने भिजली. सगळे दिवस निर्दोष आणि त्यांची बेरीज मात्र सदोष, हे कसे?

आपल्यातले पुष्कळजण पाप म्हणजे काहीतरी वाईट करणे असे धरून चालतात. पण मिस्साबलिदानाच्या आरंभी पापांची कबुली देताना आपण विचार, शब्द आणि कृती यांच्याबरोबर, जे करायला हवे होते पण केले नाही, त्याचाही उच्चार करतो. प्रभू येशूच्या दाखल्यातल्या श्रीमंत माणसाने लाजरसला मारले नव्हते, हाकलूनही दिले नव्हते (लूक १६:१९-३१). तो रोज त्याच दाराने ये-जा करत राहिला, एवढेच. याकोबाच्या पत्रात तर स्पष्ट म्हटले आहे की चांगले काय ते माहीत असून जो ते करीत नाही, त्याच्या हातून पाप घडते (याकोब ४:१७).

पण 'कोणत्या दिवशी' याचे उत्तर त्यातून मिळत नाही. त्यासाठी संत थॉमस अक्वायनस (मृत्यू १२७४) यांच्याकडे जावे लागते. कर्तव्य चुकवण्याच्या पापाचा विचार करताना ते एक भेद दाखवतात. 'चोरी करू नको' यासारखी नकाराची आज्ञा प्रत्येक क्षणी लागू असते. पण 'अमुक कर' ही होकाराची आज्ञा प्रत्येक क्षणी बांधत नाही, ती तिच्या वेळेला बांधते. ती वेळ आली आणि आपण ते केले नाही, म्हणजे तिथे पाप सुरू होते. ते आणखी एक गोष्ट सांगतात. स्वतःचा काही दोष नसताना एखाद्याला ते करणे शक्यच झाले नाही, तर त्याने कर्तव्य चुकवले असे होत नाही. पण रात्री दारू पिऊन पडलेला माणूस पहाटेच्या प्रार्थनेला उठू शकला नाही, तर 'मला जाग आली नाही' ही सबब त्याला चालत नाही, कारण ती असमर्थता त्याने स्वतःच ओढवून घेतलेली असते.

मग गळक्या कॉकच्या बाबतीत 'वेळ आली' असे केव्हा म्हणायचे? याचे उत्तर मला जुन्या करारातल्या एका जागी मिळाले, जी आपण सहसा वाचत नाही. निर्गमच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयी नियम आहे (निर्गम २१:२८-२९). बैलाने अचानक कोणाला शिंग मारून ठार केले तर मालक निर्दोष ठरतो. पण बैलाला मारण्याची खोड आहे, हे मालकाला आधी सांगितले गेले होते आणि तरी त्याने तो बांधून ठेवला नाही, तर मालक दोषी. बैल तोच, शिंगही तेच. बदलली ती एकच गोष्ट: मालकाला माहीत होते. पुढे उघड्या खड्ड्याचाही नियम आहे (२१:३३-३४): खड्डा उघडा ठेवला आणि त्यात दुसऱ्याचे जनावर पडले तर भरपाई खड्डा उघडा ठेवणाऱ्याने द्यायची. आणि अनुवादच्या पुस्तकात सांगितले आहे की नवे घर बांधशील तर गच्चीला कठडा कर, म्हणजे तिथून कोणी पडले तर त्याचा दोष तुझ्या घराला लागणार नाही (अनुवाद २२:८). कठडा बांधायचा तो कोणी पडायच्या आधी.

या सगळ्यावरून मी माझ्यापुरते तीन प्रश्न काढले आहेत. मला माहीत आहे का? मला ते करता येण्यासारखे आहे का? आणि मी न केल्याची किंमत दुसऱ्या कोणाला मोजावी लागू शकते का? तिन्हींची उत्तरे 'होय' आली की वेळ आली. त्यानंतरचा 'उद्या' हा पूर्वीसारखा निर्दोष 'उद्या' राहत नाही. माझ्या बाबतीत ती वेळ बहुधा त्या पहिल्याच दिवशी, प्लंबरच्या बोलण्यातच आली होती. फक्त तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी शोधले नाही, कारण कॉकखाली बादली होती.

बादली ही वाईट वस्तू नाही. कॉक बदलेपर्यंत बादली ठेवायलाच हवी. पण तिचा एक धोका आहे. समोरचे पाणी तिच्यात दिसते आणि आपल्याला वाटते की गळती आपल्या ताब्यात आहे. आपल्या आयुष्यात अशा कितीतरी बादल्या असतात. भावाशी बोलणे बंद आहे, पण नाताळाला त्याच्या मुलांना भेट पाठवतो. बापाची दारू वाढली आहे, पण त्याने घरात तमाशा करू नये म्हणून आई मुलांना लवकर झोपवते. घरकामाच्या बाईचा पगार तीन वर्षांत वाढवलेला नाही, पण उरलेले जेवण तिला बांधून देतो. जे दिसते ते आपण झेलतो. जे पाइपच्या पाठीमागून भिंतीत जाते, ते झेलले जात नाही, आणि बहुतेक वेळा ती भिंत दुसऱ्याची असते.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक अपुऱ्या कामाला पाप समजून झोप उडवून घेणे हेही योग्य नाही. आपल्यात असे आहेत ज्यांच्यापाशी प्लंबरला द्यायला या महिन्यात पैसे नाहीत. कोणी आजारी आहे. कोणी भाड्याने राहतो आणि मालक दुरुस्तीला तयार नाही. त्यांच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' आहे, आणि संत थॉमस यांचा आधार त्यांच्या बाजूने आहे. पण त्यांनाही एक गोष्ट करता येते. खालच्या घरी जाऊन सांगता येते, "आमचा कॉक गळतोय, लगेच बदलणं जमत नाही, तुमच्याकडे ओल आली तर सांगा." याला पैसे लागत नाहीत. दुरुस्ती लांबणीवर टाकता येते, पण ते लपवणे ही वेगळी गोष्ट आहे.

माझे खरे पाप तिथे होते. ऑक्टोबरपर्यंत जे घडले त्याला हयगय म्हणता येईल. मावशी "पावसाचं असेल" म्हणाल्या आणि मी गप्प बसलो, तेव्हा हयगयीचे असत्य झाले. बोलायला एक वाक्य पुरले असते. त्याऐवजी मी जपमाळ हातात घेतली. वेदीपाशी अर्पण नेताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जा, असे प्रभू येशूने सांगितले आहे (मत्तय ५:२३-२४). मला तर कुठे जायचेही नव्हते. मी त्याच खोलीत बसलो होतो.

तीन दिवस मी स्वतःशी वाद घातला. चौथ्या दिवशी खाली गेलो आणि सगळे सांगितले, बादलीसकट. मावशींनी शांतपणे ऐकले. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं वरून येतंय म्हणून. पाऊस थांबला तरी ओल वाढत होती."

"मग बोलला का नाहीत, मावशी?"

"तू कमिटीत आहेस. मागे माझ्या पेन्शनच्या कामाला दोनदा माझ्याबरोबर आला होतास. तुला कसं विचारायचं?"

हे वाक्य मला अजून टोचते. मी समजत होतो की कोणी तक्रार करत नाही, म्हणजे कोणाला त्रास नाही. पण ज्यांना आपल्या हयगयीचा त्रास होतो, त्यांना पुष्कळदा आपल्याशी बोलणे परवडत नाही. आपण त्यांच्या उपयोगी पडतो, त्यामुळे ती माणसे गप्प राहतात. आपल्या चांगुलपणाचाच त्यांना धाक वाटतो. तेव्हा 'कोणी काही म्हटलं नाही' हा आपल्या निर्दोषपणाचा पुरावा धरता येत नाही. खाली जाऊन बघावे लागते.

त्याच आठवड्यात कॉक बदलला. विंगचे पाणी तासभर बंद ठेवावे लागले. एरवी नोटीस लावायलाही मी कंटाळलो होतो. जुन्याच्या जागी दांडी पाव वळसा फिरवली की बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवला. मग मी पापनिवेदनाला गेलो. फादरांनी मला क्षमेची खात्री दिली आणि विचारले, "भिंतीचं काय?" ख्रिस्तसभेच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण-ग्रंथात (परिच्छेद १४५९) हेच आहे: पापक्षमेने पाप दूर होते, पण पापाने केलेली सगळी नासधूस आपोआप भरून निघत नाही. दुसऱ्याचे जे नुकसान झाले ते शक्य तेवढे भरून द्यायचे असते. भिंत लगेच रंगवता येत नाही. आतली ओल सुकू द्यावी लागते, नाहीतर नवा रंगही पोपडे धरतो. आम्ही सुटा गिलावा खरवडून काढला आणि जानेवारीपर्यंत थांबलो. मग रंग दिला, खर्च मी केला. वेदी पुन्हा आपल्या जागी गेली.

आपल्या वाडवडिलांनी विहिरीचे पाणी पाटाने बागायतीला नेले. पाटाला कुठे भगदाड पडले तर 'उद्या बघू' चालत नसे. पाणी डोळ्यांदेखत शेजाऱ्याच्या वाफ्यात शिरायचे किंवा त्याच्या वाट्याचे कमी व्हायचे, त्यामुळे हाताला लागेल त्या चिखलाने ते लगेच बुजवले जायचे. आज पाणी पाइपातून, भिंतीच्या आतून वाहते. शेजारी पूर्वीपेक्षा जवळ आहे, फक्त एका स्लॅबच्या अंतरावर, पण आपले पाणी त्याच्याकडे कसे जाते हे दिसत नाही. म्हणून लक्ष जास्त द्यावे लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्याच्या स्वच्छ पाण्याला प्रत्येक माणसाचा मूलभूत हक्क म्हटले, आणि पाणी जपून वापरण्यासारख्या घरगुती सवयींनाही प्रेमाच्या कृतींत स्थान दिले. टँकरची वाट पाहणाऱ्या वस्तीत राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

शेवटी प्लंबरने जाता जाता दिलेला सल्ला आपल्यालाही देतो. नवा असो की जुना, मेन कॉक वर्षातून दोनदा तरी पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. ज्या दिवशी पाइप फुटेल त्या दिवशी तो फिरला पाहिजे. जुना चाकाचा असेल आणि खूप वर्षे फिरवला नसेल, तर जोर लावू नये, प्लंबरला बोलवावे. मी तारखा ठरवल्या आहेत: राखेचा बुधवार आणि आगमनकाळाचा पहिला रविवार. उपवासकाळात आपण स्वतःच्या मनालाही 'पुरे' म्हणण्याची सवय करतो, ती याच कारणासाठी. जे कधीच बंद करून पाहिले नाही, ते गरजेच्या दिवशी बंद होत नाही.

आज मिस्सानंतर घरी गेल्यावर मोरीत वाकून एकदा पाहा. कॉकखाली बादली असेल तर ती किती दिवसांपासून आहे, ते आठवा. आणि मग एक मजला खाली उतरा. बेल वाजवा आणि विचारा, "आमच्यामुळे तुमच्याकडे ओल तर येत नाही ना?"